रिकामी कात्री

पडद्यावर तान्ह्या मुलाशी बोबडं बोलणारी एक दाई होती आणि काम अगदी किरकोळ होतं. परदेशी सिनेमा, परदेशी दाई. तिच्या भाषेत ती त्या मुलाला काय म्हणत होती याच्याशी इथं कुणाला देणंघेणं नव्हतं. भाषांतर करणाऱ्यानं तिच्या तोंडी 'बा बा' घातलं होतं, आवाज देणाऱ्या बाईंनी सकाळीच ते एका दमात म्हणून टाकलं होतं, आणि तो तुकडा दाईच्या ओठांवर बसवायचा एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. त्यानं बसवला, चालवून पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दाई 'दा दा' म्हणत होती. पुन्हा चालवला. दा दा. स्वच्छ, खणखणीत. बाई बाहेर चहा पीत होत्या. त्यांना हाक मारून त्यानं विचारलं, की तुम्ही ऐन वेळी शब्द बदललात की काय. बाई म्हणाल्या, बदलायला तो काय राजाचा संवाद लागून गेलाय, बा म्हणजे बा. रेकॉर्डिंग करणारा काचेपलीकडे पडद्याला पाठ करून बसायचा, त्याचं सगळं लक्ष यंत्राच्या काट्यांवर. तो मान न वळवताच म्हणाला, की बाच आहे, मला मघापासून बाच ऐकू येतंय. दोघं मिळून आपली फिरकी घेताहेत असं त्याला वाटलं. डोळे चुरचुरत होते म्हणून त्यानं ते सहज मिटले. तुकडा चालूच होता, आणि मिटल्या डोळ्यांआड दाई म्हणाली, बा बा. डोळे उघडले. दा दा. मिटले. बा बा. हा खेळ त्यानं इतका वेळ चालवला, की बाई दुसरा चहा सांगून आल्या.

रेकॉर्डिंगवाल्याला यात काही नवल वाटलं नाही. जुनी गोष्ट आहे म्हणाला. परदेशी दाईचे ओठ 'गा'ला उघडतात तसे उघडलेत, वर आपण 'बा' चिकटवलाय. डोळा एक सांगतो, कान दुसरं सांगतो, आणि डोकं दोघांचं भांडण मिटवायला तिसरंच काहीतरी ठरवून मोकळं होतं. आणि गंमत अशी, की हे सगळं ठाऊक झालं तरी काही फरक पडत नाही. "आता तुम्हाला कळलं ना? मग बघा परत," तो म्हणाला. त्यानं बघितलं. दा दा. काट्यांकडे बघत बसणाऱ्या माणसाला विद्वत्ता दाखवायची हौस असते म्हणून त्यानं विषय तिथंच सोडला, आणि दाईचं तोंड तसंच ठेवून पुढच्या दृश्याकडे गेला. कुणाला ऐकू येणार होतं? सगळे डोळे उघडे ठेवूनच सिनेमा बघतात.

त्या कारखान्यात, म्हणजे खाली छापखाना आणि वर दोन खोल्या अशा त्या जागेत, त्याला सगळे ओठवाला म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तो आवाज ओठांवर बसवायचा. कुणाचं तोंड कधी मिटतं, कधी अर्धं उघडतं, दात कुठं दिसतात, वाक्य संपल्यावरही हनुवटी किती हलत राहते, हे तो तोंडं बघूनच सांगायचा. चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. ओठ मिटले की प, ब, म यांतलं काहीतरी पाहिजे, बाकी काहीही चालतं, हा या धंद्याचा पहिला नियम, आणि बारकाईनं पाहिलं तर शेवटचाही. अख्खं आयुष्य माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून एकमेकांवर विश्वास ठेवतात, आणि आपण त्या विश्वासावर पोट भरतो, असं त्याच्या मनात कधीमधी यायचं. पण ते त्याला अभिमानाचं वाटायचं, भीतीचं नव्हे. बायको चिडवायची, की तू माझं ऐकत नाहीस, नुसता तोंड बघत बसतोस. तो म्हणायचा, एकच गोष्ट आहे. आज संध्याकाळी बसमध्ये, खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसल्यावर, ती एकच गोष्ट नाही हे पहिल्यांदा त्याच्या मनात आलं आणि नको असलेल्या पाहुण्यासारखं बसूनच राहिलं. त्याला दाईचं काही वाटत नव्हतं. 'दा' त्याच्या डोक्यात अडकला होता. तो ओठांनी म्हटला नव्हता. तो आवाजानंही म्हटला नव्हता. त्या खोलीत, त्या यंत्रात, त्या परदेशी दाईत, कुठंही 'दा' नव्हता, आणि तरी त्यानं तो शपथेवर सांगावा इतका स्पष्ट ऐकला होता.

पुढच्या बाकावर एक बाई फोनवर बोलत होती, त्याला तिची फक्त मान दिसत होती. तो ऐकत राहिला. तोंड न दिसणारा आवाज किती एकटा असतो. बाई हसत होती, पण हसण्याखाली दमणूक होती, दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाची. मग ती उतरायला वळली, तिचा हसरा चेहरा दिसला आणि दमणूक गायब झाली. घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बायको शाळेतलं काहीतरी सांगत होती, मुख्याध्यापक काय म्हणाले, मग ती काय म्हणाली. तिचा आवाज त्याला ओळखीचा वाटला, पण तो बऱ्याच वर्षांपूर्वीच्या ओळखीचा. त्यात कंटाळा होता, आणि कंटाळ्यावर घातलेला उत्साह होता. भिंतीला काय डोकं आपटणार आहेस का, असं तिनं विचारलं. त्यानं वळून पाहिलं तर ती छान हसत होती, आणि तिच्या आवाजातही कंटाळ्याचा मागमूस नव्हता. त्याला थोडं घाबरल्यासारखं झालं. जेवताना तो ताटाकडेच बघत राहिला.

आतल्या खोलीत बाबा होते. थंडीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि डावी बाजू गेली. पाय बराच सुधारला, हात थोडा, पण चेहऱ्याचा डावा भाग उतरला तो उतरलाच. डोळ्याखालची कातडी, गाल, ओठाचा कोपरा, सगळं एका बाजूला सुटून लोंबत होतं, आणि ते बोलायला लागले की उजवी बाजू एकटीच सगळं तोंड ओढत न्यायची. डावी बाजू मागे फरफटत यायची, कधी यायचीच नाही. शब्द ओळखू येत नसत. सुरुवातीला घरातले त्यांच्यापुढं वाकून, तोंडाशी तोंड नेऊन, कपाळाला आठ्या घालून ऐकायचे. ओठवाला तर सगळ्यांत जास्त. त्याला वाटायचं, आपला तर धंदाच हा, आपल्याला नाही कळणार तर कुणाला. तो त्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि त्याला काहीच लागायचं नाही. ओठ मिटायच्या जागी मिटत नसत, उघडायच्या जागी अर्धेच उघडत, आणि कानावर पडे तो नुसता चिखल. मग सगळे 'हो हो बाबा' म्हणायला लागले. बाबा थोडा वेळ बघत राहायचे आणि भिंतीकडे वळायचे. हॉस्पिटलातून आल्या आल्या पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीतला आरसा उजव्या हातानं फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. जन्मभर आरशापुढं उभं राहून लोकांचे केस कापलेला माणूस. डोक्यावरही परिणाम झालाय, असं त्यावरून सगळ्यांनी ठरवलं. त्यानंही.

ताईचं म्हणणं सरळ होतं. ती मोठ्या हॉस्पिटलात हेड नर्स, असल्या गोष्टी तिनं शेकड्यानं पाहिलेल्या. गावाबाहेर एक चांगलं ठिकाण होतं, मोकळं, झाडं असलेलं. तिथं बोलायला शिकवणारी बाई रोज यायची, चालायला शिकवणारा माणूस यायचा. घरात दिवसभर बंद दाराआड बसण्यापेक्षा ते बरं. जागा रिकामी झाली होती, ती रविवारी येऊन बाबांना घेऊन जाणार होती. त्याला हे मान्य नव्हतं. का मान्य नव्हतं ते तो फोनवर पुन्हा पुन्हा एकाच वाक्यात सांगायचा: बाबांना जायचं नाहीये. जायचा विषय निघाला, की बाबा बोलायला लागायचे, उजवा हात हलवत, खूप वेळ, आणि तो चेहरा वाकडा होऊन रडवेला व्हायचा, ओठाचा कोपरा थरथरायचा, डावा डोळा भरून यायचा. ताई म्हणायची, तो डोळा नेहमीच भरतो, पापणी मिटत नाही त्यांची. तो चिडायचा. "त्यांच्या तोंडाकडे बघ ना ताई, सगळं दिसतंय. नको म्हणताहेत ते," तो म्हणायचा. ताई म्हणायची, तुला काय कळतंय ते मला कळत नाही आणि मला काय कळतंय ते तुला, तर निदान डॉक्टरांचं ऐकू. तिला काळीजच नाही, असं तो फोन ठेवल्यावर बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, दिवसभर त्यांच्यापाशी कोण असतं रे, तू की मी. तरी बाजू आपलीच खरी याबद्दल त्याला शंका नसायची. त्यानं बाबांचं नको ऐकलं होतं. डोळ्यांनी, कानांनी, स्पष्ट.

शनिवारी दुपारी बायको शाळेत होती, आणि बाबांची एक चप्पल पलंगाखाली गेली. पलंग जुना, बुटका. तो जमिनीवर पालथा पडून आत शिरला, पाठीला पलंगाची पट्टी लागत होती, नाकात धूळ, हात चाचपडत होता. "अजून पुढं," वरून आवाज आला, "भिंतीपाशी. डावीकडे." त्यानं हात डावीकडे नेला. "सरकव अजून. हां." चप्पल हाताला लागली. तो मागे सरकत बाहेर आला, कपडे झटकले, चप्पल बाबांच्या पायात घातली, आणि मग उकिडवा बसल्या बसल्या त्याचे हात थांबले. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं वर बघितलं. काय म्हणालात बाबा, असं विचारलं. बाबांचं तोंड एका बाजूनं ओढलं गेलं, उघडलं, मिटता मिटता राहिलं, आणि त्यातून तोच नेहमीचा चिखल बाहेर आला. तो हो हो म्हणाला नाही. उठून बाहेरच्या खोलीत गेला आणि खुर्चीवर बसून राहिला.

ते वाक्य अडखळत आलं होतं, खरखरीत होतं, 'प' मधून हवा गळत होती. पण ते वाक्य होतं. बाबांचं होतं. डोळे मिटून ऐकलेल्या दाईच्या 'बा' सारखं ते मघापासून तिथंच असणार. म्हणजे या सगळ्या महिन्यांत बाबा बोलत होते आणि आपण त्यांच्या तोंडाकडे बघून ते पुसून टाकत होतो. आनंद व्हायला हवा होता. आत जावं, पाठ करून बसावं, विचारावं. तो गेला नाही. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरचं पान उडत होतं, त्याकडे बघत बसला. आपल्याला भीती वाटतेय हे त्याला कळत होतं, आणि कशाची ते कळत नव्हतं. महिनोन्महिने बाबांच्या डोक्यावरून, जणू तिथं कपाट आहे अशा रीतीनं, सगळे काय काय बोलले होते ते त्याला आठवायला लागलं. बाबा गेले तर खोली रंगवून घेऊ, असंही एकदा कुणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं ते आठवू नये म्हणून त्यानं विचार दुसरीकडे वळवला, पण ते त्याला आठवलंच. तोच म्हणाला होता. नाकारायची जागा नव्हती. त्याला स्वतःचीच अतिशय लाज वाटली.

बाबांचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं, समोर भिंतभर आरसा. घरी बाबा बोलत नसत. जेवायला वाढ, दिवा लाव, एवढंच. बोलायचे ते दुकानात, गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून, आणि बोलताना त्यांची कात्री थांबत नसे. वाक्यावाक्याच्या मध्ये ती केसांपासून लांब, नुसती हवेत चालत राहायची, चक चक चक. ती रिकामी कात्री ऐकली की समजायचं, बाबा पुढं काय बोलायचं त्याचा विचार करताहेत. हे त्याला फार लहानपणी कळलं, खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून त्यावर बसवायचे त्या वयात. गळ्याभोवती पांढरं कापड, कपाळावर पाण्याचा फवारा, आणि बाबांचं ठरलेलं वाक्य: डोळे मीट, केस जातील. मग मागून बाबांचा आवाज यायचा, घरी कधी न येणारा. शाळा, पतंग, तुझी आई लहानपणी कशी होती, काहीही. आईला हॉस्पिटलात नेलं होतं त्या दिवसांतही त्याला एकदा फळीवर बसवलं होतं. डोळे मीट, बाबा म्हणाले, आणि बराच वेळ नुसती रिकामी कात्री चालली. मग म्हणाले, आई आता घरी यायची नाही. आवाज नेहमीचा. पाऊस पडणार नाही म्हणावं तसा. मग पुन्हा कात्री. त्या दिवशी त्यांनी त्याचे केस इतके बारीक कापले, की शाळेत मुलांनी त्याला आठवडाभर टकल्या म्हटलं. पुढं मोठेपणी हे आठवलं की त्याला बाबांचा राग यायचा. असं सांगतात का कुणी, केस कापता कापता, पाठीमागून. ताईला त्यांनी कसं सांगितलं होतं ते त्यानं तिला कधी विचारलं नाही. ताईचे केस लांब होते, ते कापायचा प्रश्नच यायचा नाही.

रविवारी सकाळी तो आतल्या खोलीत गेला आणि म्हणाला, बाबा, माझे केस फार वाढलेत. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. उजवी भुवई वर गेली. त्यानं बाबांची दुकानातल्या सामानाची ट्रंक ओढली, कात्री काढली, कंगवा काढला, पांढरं कापड काढलं. कापडाला घड्या पडून त्या जागी पिवळट रेघा आल्या होत्या. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं त्याला खुणेनं बाहेर बोलावलं आणि दबक्या आवाजात विचारलं, की शुद्धीवर आहेस ना. एक हात धड नाही त्यांचा, आणि कानापाशी कात्री? कान तुटला तर तुझा धंदा बसेल. तो म्हणाला, धंद्याला ओठ लागतात, कान नाही. ती हसली नाही. पण स्टूल तिनंच आणून दिलं. ते त्यानं खिडकीपाशी ठेवलं आणि त्यावर बसला, बाबांकडे पाठ करून. आरसा अजून भिंतीकडे तोंड करूनच होता, त्याची लाकडी पाठ समोर दिसत होती. बाबा यायला वेळ लागला. पाय ओढल्याचा आवाज, मग कापडाची हवा, मग गळ्यामागे गाठ मारताना चुकणारी, पुन्हा प्रयत्न करणारी बोटं. डाव्या हातातून कंगवा दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा त्यानं तो स्वतःच उचलला आणि आपल्या डोक्यावर, केसांत उभा धरला. बाबांनी त्याचा हात थोडा वर सरकवला, तिरका केला, जसा हवा तसा. कात्री हवेत दोन-तीनदा चालली. चक चक चक.

"डोळे मीट," मागून आवाज आला. "केस जातील."

त्यानं डोळे मिटले. कात्री केसांत शिरली, आणि पहिले केस मांडीवरच्या कापडावर पडल्याचं त्याला जाणवलं. आवाज जड होता, काही अक्षरं हवेत विरत होती, एखादं वाक्य दोनदा यायचं. पण त्याला थांबून अर्थ लावावा लागत नव्हता. बाबांनी विचारलं, हे केस कुठं कापतोस, मागची रेघ वाकडी आहे. त्यानं सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात. बाबा म्हणाले, यंत्रानं कापतात मेले, त्यांना कात्री धरता येत नाही. मग छापखाना अजून खाली आहे का, हे विचारलं. सूनबाईची शाळा कशी चाललीय, ती फार दमते, तिच्या आवाजावरून कळतं, तिला सुट्टी घ्यायला लाव. तो ऐकत होता. खिडकीतून ऊन पापण्यांवर पडत होतं, आत सगळं तांबडं दिसत होतं. मध्येच त्याला हसू आलं आणि बाबांनी त्याच्या डोक्यावर कात्रीच्या मुठीनं हलकी टपली मारली, हलू नकोस. मग ताई किती वाजता येणार, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, जेवायच्या आत येईल. पण तुम्ही काळजी करू नका, मी तिला स्पष्ट सांगितलंय, बाबांना जायचं नाही.

कात्री हवेत चालायला लागली. खूप वेळ.

"मी कधी म्हणालो?"

त्याच्या हातातला कंगवा हलला. तो म्हणाला, की जायचं निघालं की तुम्ही किती बोलायचात, तुमचं तोंड, तुमचा डोळा. आणि तिथंच थांबला.

"तोंडाचं सोड," बाबा म्हणाले. "ते माझंही ऐकत नाही. जातो म्हणत होतो मी. केव्हापासून म्हणतोय. कपडे भरा म्हणत होतो."

त्याला तो 'नको' आठवला. इतका स्पष्ट ऐकलेला, ताईशी ज्याच्यासाठी भांडलो तो 'नको'. तो बाबांनी म्हटला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यानंही म्हटला नव्हता, चेहऱ्याचं नुसतं कातडं सुटलं होतं. तो आपणच कुठून तरी आणून मध्ये ठेवला, भांडण मिटवायला. का जायचंय, असं त्यानं विचारलं. आवाज जरा मोठा झाला, शेजारच्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

"तुम्ही सगळ्यांनी माझा आधीचा चेहरा बघितलाय," बाबा म्हणाले. एकेक शब्द सावकाश येत होता. "समोर येता, आणि तो शोधता. सापडत नाही. मग तुमचं तोंड पडतं. दिवसातून किती वेळा बघायचं ते मी? दमतो मी धाकट्या. तिथं कुणी आधीचा बघितला नाही. त्यांना हाच."

धाकट्या. कुणी म्हटलं नव्हतं त्याला किती तरी दिवसांत. तो म्हणाला, की आता मला ऐकू येतंय बाबा, सगळं येतंय, मी असाच बसत जाईन, रोज. हे म्हणताना तो वळायला लागला होता, पण बाबांचा जड डावा हात त्याच्या डोक्यावर येऊन पडला, आणि त्या हातात जोर नसूनही त्यानं मान सरळ केली.

"रोज केस वाढत नाहीत," बाबा म्हणाले. "महिन्यानं ये. स्टूल असेलच तिथं."

मग नुसती कात्री चालत राहिली, कधी केसांत, कधी हवेत. तो मिटल्या डोळ्यांनी ऐकत होता. पाठीमागे बाबांचा श्वास अडखळत होता, नाक ओढल्याचा बारीक आवाज येत होता, आणि कात्री त्यावरून चालत होती, चक चक चक. हाच आवाज होता. फळीवर बसवलं होतं त्या दिवशी, पाऊस पडणार नाही म्हणावं तशा त्या वाक्यानंतर, हाच आवाज होता, आणि समोर भिंतभर आरसा होता, आणि त्यात बाबांचा चेहरा होता, जो त्यानं बघितला नव्हता, कारण डोळे मीट असं त्याला सांगितलं होतं. केस जातील म्हणून सांगितलं होतं. त्याचा हात कंगवा धरून भरून आला होता. त्यानं तो खाली घेतला नाही.

दाराची बेल वाजली. बायकोनं दार उघडलं, ताईचा आवाज आला, बाबा तयार आहेत का विचारणारा, आणि पाठ करून ऐकताना त्यात पहिल्यांदाच त्याला कळलं, की ती येताना वाटेत रडलेली आहे. पावलं आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. कंगव्याखाली त्याच्या बोटांना आता नुसतं डोकं लागत होतं. कापण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं, आणि हे मागे उभ्या असलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार. झालं का बाबा, असं त्यानं विचारलं.

"अजून नाही," बाबा म्हणाले. "डोळे उघडू नकोस."

त्यानं उघडले नाहीत. कानाजवळ कात्री हवेत चालत राहिली.